दुखऱ्या सांध्याला मशीन द्यायचं की डंबेल?

दुखापतीनंतर जिममध्ये परत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक सल्ला हमखास मिळतो: "काही दिवस फक्त मशीनवर कर, ते सेफ असतं." मी सांगलीत, विश्रामबागेत ट्रेनर म्हणून काम करते. त्याआधी कॉलेजात वेटलिफ्टिंग केलं. हा सल्ला मी रोज ऐकते. काहींना तो अगदी बरोबर लागू पडतो. काहींचा खांदा किंवा गुडघा मात्र त्याच "सेफ" मशीनवर जास्त ठणकायला लागतो आणि मग ती माणसं जिमला यायचीच बंद होतात. दुखापतीपेक्षा हे व्यायाम सुटणं मला जास्त लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन तुमच्याकडून दोन कामं काढून घेतं. एक, तोल सांभाळायचं. दुसरं, वजन कोणत्या वाटेनं जाणार हे ठरवायचं. डंबेल हातात घेतलं की दोन्ही कामं तुमच्याकडे परत येतात. रॉड या दोघांच्या मधला: तोल तुम्हीच सांभाळायचा, पण दोन्ही हात एका दांड्याला जखडलेले, त्यामुळे मनगट आणि खांद्याला हवं तसं वळता येत नाही. केबलला (कप्पीवरून ओढायची दोरी) वाट मोकळी असते आणि वजन पिन सरकवून बदलता येतं. स्मिथ मशीन म्हणजे रुळांवर अडकवलेला रॉड.

आता स्वतःला विचारा, दुखतं ते नेमकं कशात? वजन सावरताना दुखत असेल तर मशीन घ्या. ठरलेल्या वाटेनं सांधा फिरवताना दुखत असेल तर डंबेल किंवा केबल घ्या. हालचालीच्या एकाच टोकाला दुखत असेल तर ते टोक कशात टाळता येईल ते बघा. आणि वजन जागेवरून काढताना-ठेवताना दुखत असेल (कंबरवाल्यांचं बहुतेक वेळा हेच असतं), तर व्यायामाआधी त्या काढण्या-ठेवण्याची सोय लावा.

आधी दोन गोष्टी

हाड मोडलंय, टाके ताजे आहेत, सांधा सुजून गरम झालाय, गुडघा मध्येच अडकतोय, हातापायातली ताकद अचानक कमी झालीय, दुखण्यानं रात्री झोपमोड होतेय किंवा सोबत ताप आहे, यातलं एक जरी असलं तरी जिमचा विषय बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. कंबरदुखीबरोबर जांघेच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. ऑपरेशन झालेलं असेल तर सर्जन आणि फिजिओ जे सांगतील तेच अंतिम, माझं त्यानंतर.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या मोजमापाची. शून्य म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तर मी चालू देते, पण सेटगणिक (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी) ते वाढत जाता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या सकाळइतकाच असला पाहिजे. सकाळी जास्त आखडला असेल तर पुढच्या वेळी वजन किंवा पल्ला (सांधा किती लांबवर फिरवायचा ते), दोन्हीपैकी एक कमी करायचं. सणकन कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर सेट पुरा करायच्या भानगडीत पडू नका, तिथेच थांबा.

खांदा

मशीन सेफ हा समज सगळ्यात जास्त खोटा ठरतो तो खांद्याच्या बाबतीत. माझ्याकडे एक शिक्षिका येतात. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना त्यांच्या उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ यायची. फिजिओंनी रोटेटर कफच्या (खांदा फिरवणाऱ्या आणि सांध्यात धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंच्या) टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, दुखणं सांगितलं होतं आणि हलक्या वजनाला परवानगी दिली होती. चेस्ट प्रेस मशीनवर (बसून हँडल छातीसमोर ढकलायचं मशीन) बसल्या की पहिल्याच रेपला, म्हणजे पहिल्याच उचलीला, तोंड वाकडं व्हायचं. कारण साधं: त्या मशीनचे हँडल छातीच्या रेषेच्या मागून सुरू होतात. म्हणजे खांदा सगळ्यात जास्त ताणलेला असतो तेव्हाच पूर्ण वजन अंगावर येतं.

यावर बऱ्याच मशीनमध्येच एक उपाय असतो आणि बरेच लोक तो वापरत नाहीत. पायापाशी एक दांडी असते. ती पायानं दाबली की हँडल पुढे येतात. पुढे आलेले हँडल धरायचे, मग पाय सोडायचा, आणि प्रत्येक रेपला कोपर छातीच्या रेषेत आलं की तिथूनच परत ढकलायचं. सीटची उंचीही बघा. सीट खाली राहिली की हँडल खांद्यासमोर येतात आणि कोपरं वर उचलली जातात. हँडल छातीच्या मध्याशी येतील इतकी सीट वर घ्या. आडवे आणि उभे असे दोन प्रकारचे हँडल असतील तर तळवे समोरासमोर राहतात ते धरा.

एवढं करूनही त्या बाईंना बोचतच होतं, म्हणून आम्ही जमिनीवर आलो. मॅटवर उताणं, गुडघे वाकवलेले, दोन्ही हातांत ३ किलोची डंबेल, तळवे समोरासमोर, कोपरं बरगड्यांपासून साधारण ४५ अंशांवर. खाली येताना कोपर जमिनीला टेकतं आणि तिथेच थांबतं, त्यामुळे खांदा नको तेवढा मागे जाऊच शकत नाही. मी डोक्याशी उभी राहून बघत होते. डावा हात सरळ वर जात होता, उजवा वर जाताना चार बोटं आतल्या बाजूला सरकत होता. त्या सरकण्यात त्यांना दुखत नव्हतं. खांद्यानं स्वतःची वाट शोधली होती. मशीननं त्याच हाताला डाव्यासारखंच सरळ जायला लावलं असतं.

तिथून पुढे बेंचवर डंबेल, मग उंच बेंचवर हात टेकून जोर, मग जमिनीवरचे जोर आणि रॉड सगळ्यात शेवटी. डोक्यावर वजन न्यायचं असेल तर आधी रॉडचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक तिरकं वर ढकला, सरळ वर नेण्यापेक्षा खांद्याला ते सोपं जातं. स्मिथ मशीनवर बेंच प्रेस मात्र दुखऱ्या खांद्याला मी देत नाही. मोकळा रॉड छातीवरून वर जाताना थोडा डोक्याकडे झुकत जातो, रुळांवरचा रॉड तसं करू देत नाही. जुन्या पद्धतीचं बटरफ्लाय, ज्यात कोपरं ९० अंशांत वाकवून पॅडला टेकवायची असतात, तेही नको. लॅट पुलडाउन (डोक्यावरचा दांडा खाली ओढायचं मशीन) छातीसमोर ओढा, मानेमागे नाही.

खांद्यासाठी मशीन सरस ठरतं ते ओढण्याच्या व्यायामात. छाती पॅडला टेकवून रोईंग (हँडल अंगाकडे ओढणं) केलं की कंबर सावरायची गरज उरत नाही आणि पाठीचे स्नायू मन लावून काम करतात. खांद्याच्या फिरकीचा व्यायाम तर केबल किंवा रबर बँडवरच करायला हवा. उभं राहून, कोपर ९० अंशांत ठेवून, हातात डंबेल घेऊन हात बाहेर-आत फिरवणारी माणसं प्रत्येक जिममध्ये दिसतात. वजन खाली ओढतं, हालचाल आडवी होते, त्यामुळे काम पडतं ते बायसेप्सवर आणि रोटेटर कफला जवळजवळ काहीच मिळत नाही. डंबेलच वापरायचं असेल तर कुशीवर झोपा, वरच्या हाताचं कोपर कमरेला चिकटवा आणि मग हात वर फिरवा.

गुडघा

वाटी दुखणाऱ्यांना कुणी म्हणतं लेग एक्स्टेन्शन (बसून नडगीनं पॅड उचलत पाय सरळ करायचं मशीन) करूच नका, कुणी म्हणतं स्क्वॉट (उठाबशा) करूच नका. दोन्ही करता येतात, फक्त पल्ल्याचा वेगवेगळा तुकडा घ्यायचा.

लेग एक्स्टेन्शनमध्ये पाय सरळ होत येतो तसा वाटीच्या सांध्यावरचा ताण वाढतो. स्क्वॉट आणि लेग प्रेसमध्ये (पायांनी पाटी ढकलायचं मशीन) नेमकं उलटं होतं: पाय सरळ असताना ताण कमी, गुडघा खोल वाकत जाईल तसा जास्त. म्हणून लेग एक्स्टेन्शन ९० अंशांपासून ४५ पर्यंत करा आणि लेग प्रेस सरळपासून ४५ पर्यंत. खुर्चीत ताठ बसल्यावर गुडघा वाकतो ते ९०, त्याच्या निम्मं ४५. बऱ्याच मशीनना पल्ला अडवायची वेगळी पिन असते. नसेल तर ट्रेनरला नडगीसमोर हात धरायला सांगा आणि त्या हातापर्यंतच पाय न्या. आणखी एक बघा: मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याचा कणा आणि तुमचा गुडघा एका रेषेत आला पाहिजे. काही मशीनवर तिथे रंगीत ठिपका असतो. पाठीचं पॅड पुढे-मागे करून हे जुळवल्याशिवाय वजन लावू नका.

एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या एका लिगामेंटचं, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) ऑपरेशन झालेल्यांसाठी हा नियम आणखी कडक. लेग एक्स्टेन्शनमध्ये पाय सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात नडगीचं हाड पुढे ओढलं जातं आणि नव्या लिगामेंटवर ताण येतो. कोणत्या आठवड्यात कोणता कोन हे फिजिओंनी ठरवायचं, जिममधल्या मित्रानं नाही.

लेग प्रेसवर फसगत होते ती वेगळ्याच कारणानं. दोन्ही पाय एकाच पाटीवर असतात, त्यामुळे चांगला पाय गुपचूप जास्त काम करून टाकतो आणि वहीतला आकडा वाढत राहतो. दुखरा पाय होता तिथेच. म्हणून एका पायानं करा. आधी दुखरा पाय, आणि तो जितके रेप्स करेल तितकेच, त्याच वजनावर, चांगल्या पायाचे.

कंबर

गणपती पेठेतल्या हळदीच्या अडतीवर आयुष्य काढलेले एक काका माझ्याकडे आले. एल४-एल५ च्या (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या) गादीचा त्रास होऊन गेलेला, पायातली कळ थांबलेली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी रॅकच्या तळाशी अडकवलेली २० किलोची प्लेट वाकून, वळून उचलायला घेतली, लेग प्रेसला लावायची म्हणून. मी म्हणाले, "काका, राहू दे, मी लावते." ते म्हणाले, "मॅडम, एवढं तर मी दुकानात रोज उचलतो." मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते: दुखऱ्या कमरेला व्यायामाइतकाच, कधी जास्तच, धोका सामान जमवण्यात असतो. पिनच्या मशीनचा खरा फायदा इथे आहे. वाकणं नाही, वळणं नाही, पिन सरकवली की झालं. आणि मध्येच कळ आली तर हात सोडून उठता येतं, पाठीवर रॉड असताना ते जमत नाही. डंबेल वापरायची असतील तर कमरेइतक्या उंचीच्या खणातलीच घ्या, किंवा कुणाला तरी बेंचवर आणून ठेवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

मशीनवरही कंबर पूर्ण सुरक्षित नसते. लेग प्रेसमध्ये गुडघे छातीजवळ येतात तेव्हा एका क्षणी ढुंगण सीटवरून उचललं जातं आणि कंबर गोल होते. वाकल्यावर ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी हाच क्षण वाईट. काकांच्या कमरेशी मी नॅपकिनची एक घडी ठेवली, तिचं टोक हातात धरलं आणि बिनवजनानं पाटी खाली आणायला सांगितलं. जिथे घडी सैल पडून ओढता यायला लागली, त्याच्या थोडं अलीकडे त्यांचा पल्ला संपतो असं ठरवून टाकलं.

कुणाला वाकल्यावर दुखतं, कुणाला मागे झुकल्यावर किंवा फार वेळ उभं राहिल्यावर. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना पालथं झोपून करायचं लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवायचं मशीन) त्रास देतं, कारण वजन ओढताना कंबर वर कमानते. त्यांनी बसून करायचं लेग कर्ल घ्यावं. पहिल्या प्रकारच्यांनी पोटाचं क्रंच मशीन आणि पाठ पुढे-मागे करायचं मशीन सुरुवातीला सोडून द्यावं.

डंबेलचा एक व्यायाम मात्र मी कंबरवाल्यांना लवकर देते: एकाच हातात डंबेल धरून सरळ चालणं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग हात बदलून परत. खांदे समान पातळीत, श्वास चालू. कंबर एका बाजूला झुकू न देण्याचं काम पोट आणि पाठ करतात. हे कोणतंही बसायचं मशीन शिकवत नाही.

कोपर, मनगट आणि बाकीचं शरीर

२०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ स्पर्धेत आमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं ५५ किलो वजनी गटात दोन प्रकारांत ११३ आणि १३५ असं मिळून २४८ किलो उचललं. १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि सुवर्ण १ किलोनं हुकलं. ते दृश्य बघताना इथे घराघरांत लोकांच्या पोटात कालवलं होतं. डोक्यावर मोकळा रॉड पेलण्यात कोपर आणि खांद्याकडून किती मागितलं जातं हे त्यातून कळतं. स्क्वॉटसाठी नुसता रॉड पाठीवर धरायचा म्हटलं तरी मनगट, कोपर, खांदा तिन्ही लागतात. म्हणून हात दुखावलेल्याला मशीनसारखा आधार नाही: लेग प्रेस, लेग कर्ल, काफ (पोटरीचं) मशीन, सगळं हात मांडीवर ठेवून होतं. महिना-दोन महिने पाय कमावायची ही संधी समजा.

टेनिस एल्बोमध्ये (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) मुठीची पकडच दुखवते. पट्टा मनगटाला बांधून केबल ओढली की पकड ढिली ठेवता येते. मनगट दुखत असेल तर रॉड बाजूला ठेवा आणि डंबेल हातोडीच्या पकडीत धरा, अंगठा वर.

आणि एक हात प्लास्टरमध्ये असला तरी दुसऱ्या हाताचा व्यायाम थांबवू नका. एका बाजूला व्यायाम दिला की न वापरलेल्या बाजूचीही ताकद थोडी टिकते, कारण ताकदीचा बराच भाग मेंदू आणि नसांमध्ये असतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे १८९४ मध्येच नोंदवलं गेलं होतं. यासाठी एकेका हाताचं केबल किंवा वेगवेगळ्या दांड्यांचं मशीन उत्तम.

वजन किती लावायचं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी शिकागोच्या हॉस्पिटलात जखमी सैनिकांचे गुडघे लोखंडी बूट आणि वजनं वापरून पूर्ववत केले, आणि १९४५ मध्ये ती पद्धत छापली. पुढे ती तीन सेटांच्या रूपात रूढ झाली आणि आजही फिजिओ वापरतात. जे वजन बरोबर १० वेळा उचलता येतं ते शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊणपटीनं, तिसरा पूर्ण वजनानं, प्रत्येकी १० रेप्स. मी यात इतकाच बदल करते की दुखऱ्या सांध्याला बरोबर १० वेळांचं नाही, १० नंतरही आणखी दोन रेप्स शिल्लक राहतील असं वजन धरायचं. खाली आणताना मनात तीन अंक मोजा.

मशीनवरचा आकडा आणि डंबेलवरचा आकडा एकमेकांना लावून बघू नका. ४५ अंशांच्या लेग प्रेसला १०० किलो लावले तर त्यातलं साधारण ७० किलोच पायावर येतं, वर पाटीचं स्वतःचं वजन वेगळं. केबलमध्ये कप्पी जागची हलणारी असेल तर पिन २० वर असूनही हाताला १० च लागतात. त्यामुळे वहीत वजनासोबत कोणतं मशीन, सीट कितव्या खाचेत, पिन कुठे हेही लिहा.

डंबेलची अडचण वेगळी. ५ किलोनंतर रॅकवर थेट ७.५ असतं, म्हणजे एकदम दीडपट. दुखऱ्या खांद्याला ही उडी मोठी आहे. आधी ५ किलोवर १० चे १५ रेप्स करा, मग मनगटाला अर्ध्या किलोचा वाळूचा पट्टा बांधा आणि त्यानंतर ७.५ ला हात घाला.

मशीनवरून मोकळ्या वजनाकडे

मशीनवर पूर्ण पल्ला होतो, दुखणं २ च्या वर जात नाही, आणि दुखरी बाजू चांगल्या बाजूच्या ९० टक्क्यांपर्यंत आली (खेळाडूंच्या फिजिओंमध्ये हाच आकडा प्रचलित आहे), की बदल सुरू करा. सगळे व्यायाम एकदम बदलू नका. एकच बदला आणि तो वॉर्मअपनंतर लगेच, ताज्या अंगानं करा. बाकीचं पूर्वीसारखं मशीनवर. गुडघ्यासाठी पहिला मोकळा व्यायाम म्हणजे डंबेल छातीशी धरून बेंचवर बसणं-उठणं. ते जमलं की बेंच काढून त्याहून बुटका स्टेपर (चढ-उतारासाठीचा पाट) ठेवा. आपल्याकडे पंगतीला मांडी घालून बसायचं असतं, देवळात खाली बसून उठायचं असतं. लेग प्रेस कितीही वाढवलं तरी त्याची सवय पायाला होत नाही.

काकांना पुन्हा पोत्याला हात लावायचा होता, म्हणून त्यांच्यासाठी जमिनीवरून उचलण्याचा सराव गरजेचा होता. रिकामा रॉडच २० किलोचा असतो आणि मोठ्या प्लेटी नसतील तर तो जमिनीवर फार खाली राहतो. तो थेट तिथून उचलू नका. दोन्ही टोकं स्टेपरांच्या चवडीवर ठेवून रॉड गुडघ्याच्या किंचित वर आणा. ढुंगण मागे, पाठ सपाट, रॉड मांडीला घासत वर. सकाळची परीक्षा (कंबर आदल्या सकाळइतकीच असणं) लागोपाठ दोन आठवडे पास झाली की दोन्ही बाजूंचा एकेक स्टेपर काढा, वजन तेच ठेवा. पुढचे दोन आठवडे त्याच उंचीवर. उंची आणि वजन एकाच आठवड्यात कधीही बदलू नका.